मोहन्याची बैलजोडी

ठाणे, चैत्र वद्य १०, शके १८०६

तीर्थस्वरूप गं. भा. गोदाताईस श्रीपादचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पावले. मोहने गावच्या काळुराम गाडीवानाची जोडी स्वस्तात मिळते म्हणून तू हुरळलीस. मला ते स्वस्तच खुपते. धडधाकट बैल पेरणीच्या तोंडावर कोण विकतो? यंदा शेत पडीक राहिले तर तुझे दीर ते आपल्याकडे ओढतील, हे जाणतो. पण घाई नको. तुला बाजारात उभे राहता येत नाही, मला कचेरीतून रजा नाही. आपला मावसभाऊ परशुराम कल्याणातच आहे, त्याला पाठवतो. परक्याच्या शपथेपेक्षा घरचा डोळा बरा. लोभ आहे तो वाढता राहो.

श्रीपाद

खडवली, वैशाख शुद्ध ७

चिरंजीव श्रीपादास अनेक आशीर्वाद.

परशुराम जोडी घेऊन आला. दोन्ही बैल सात वर्षांचे, असे काळुरामने आण घेऊन सांगितले म्हणाला. उजवा गुणी आहे. डाव्याने मात्र एक गाडी शेणखत ओढले आणि बांधावरच बसकण मारली. आपल्या गुणाजी गड्याने शिंगे चाचपली. शिंगांवर वर्षागणिक वळ्या पडतात. याची शिंगे कानशीने घासून वर तेल चोपडलेले! भावोजी कुंपणाशी येऊन विचारून गेले, नांगर कधी धरणार म्हणून. एकटी बाई पाहून त्या गाडीवानाने मला बुडवले रे. प्रकृतीस जप.

गोदा

ठाणे, वैशाख शुद्ध १०

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

मी बजावले नव्हते का! परशुरामही हळहळला. काळुरामचे लक्षण पहिल्यापासूनच ठीक दिसत नव्हते म्हणाला. मग जोडी घेतली कशाला, हे विचारायचे राहूनच गेले. काळुरामवर अर्ज लिहून ठेवला आहे, पुढल्या सोमवारी फौजदाराकडे देतो. तो आलाच तर अंगणात घेऊ नकोस.

श्रीपाद

खडवली, वैशाख वद्य १

चि. श्रीपादास आशीर्वाद.

काळुराम आला. मोहन्याहून चालत, बैल रुळले का ते पाहायला. तुझ्या सांगण्यावरून त्याला फाटकाबाहेर उन्हात ठेवला. तिथूनच त्याला डाव्याची शिंगे दिसली. माझ्या बाळ्याला हे कोणी केले, असे तो फाटक धरून विचारू लागला. मी दाराआड होते, राहवले नाही, बाहेर गेले.

त्याने परशुरामला साफ सांगितले होते: डावा चौदा वर्षांचा, नांगराला निकामी, त्याचे मोल धरू नका; उजवा त्याच्यावाचून चारा खात नाही, म्हणून गोठ्यात जागा तेवढी द्या. पैसे मी दोघांचे दिले. त्याला एकाचेच पोचले.

हे ऐकून तो तसाच परत गेला. काल पेरणीपुरता भावाचा बैल घेऊन आला. मी दौत-टाक काढून कराराचे चार शब्द लिहू लागले, तर म्हणाला, मला वाचता येत नाही, तुम्ही काय लिहाल ते तुम्हालाच ठाऊक; पण लिहा. मला पुढे लिहवेना. कागद बाजूला सारून त्याला ओटीवर बसवले, ताक दिले.

अर्ज फाडून टाक. परशुरामला काय विचारायचे ते तू विचार. मावशीकडे पाहून माझी जीभ उचलत नाही. विश्वास कोणावर टाकावा हे या वयात नव्याने शिकते आहे. तुझा लोभ तेवढा आहे तसाच राहू दे.

गोदा