पालकाइतकी की चुक्याइतकी

ऊर्गेंच, १८ फेब्रुवारी १९८४

ती. रोबिया-ओपास,
धाकट्या बहिणीचा वाकून सलाम. वि. वि.

आम्ही दोघं मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? कारखान्यात कटोऱ्या रंगवताना पाय दुमडून बसू नका म्हणून किती सांगितलं, पण ऐकाल तर शपथ!

आज कामाचं लिहिते. घरामागे आमचा जमिनीचा तुकडा आहे, सहा पावलं लांब, तीन पावलं रुंद. गेल्या वर्षी मी तिथे काय दिवे लावले ते तुमच्यापासून लपवलं होतं. आता सांगते, पण हसू नका. फेब्रुवारीत सगळी गल्ली आपापल्या वाफ्यांत पाणी तुंबवून बसली. ना बी, ना रोप, नुसत्या चिखलाला पाणी! मी म्हटलं, वेडी आहेत ही माणसं, आणि आपल्या वाफ्याचं तोंड माती घालून बंद केलं. आपल्या रिश्तानला पाणी रोपाला देतात, जमिनीला नाही. एप्रिलमध्ये वाफ्यावर पांढरंफटक मीठ फुललं आणि मुळा, कोथिंबीर, सगळं जळून गेलं.

यंदा शेजारच्या बीबीजान-मोमो रबरी बूट घालून स्वतःच आल्या. सत्तरीची म्हातारी, पण हातात फावडं! मला म्हणाल्या, की जमिनीनं अजून तोंड धुतलं नाही आणि तू तिला जेवायला वाढतेस होय? तीनदा पाणी भरायचं, तीनदा जिरू द्यायचं, म्हणजे मीठ खाली जातं. दोन पाणी झाली आहेत.

तर आता पालक लावू की चुका? दोन्हींना जागा नाही. चुका लावायचा तर आईच्या चुक्याचा गड्डा तुमच्याकडूनच मागवावा लागेल. लवकर कळवा.

हे सलाम सांगतात. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची मुहय्यो

---

रिश्तान, १ मार्च

चि. मुहय्योस, अनेक दुवा.

पत्र वाचून इतकी हसले, की हातातल्या कटोरीवरचं डाळिंब भोपळ्याएवढं झालं. आणि ही बाई शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना शहाणपण शिकवते म्हणे! त्या मोमोंना माझा सलाम सांग. आपल्या आईनंतर तुझा कान धरणारं कुणीतरी हवंच होतं.

आता ऐक. पालकाला खारट जमिनीचं वावडं नाही. आत्ता टाकलास तर चाळीस दिवसांत खुडायला येतो. नवरूझच्या सणाला, याच महिन्यात, मिळणार नाही, त्यासाठी शरदात पेरायला हवा होता. पण मे उजाडून ऊन तापलं, की तुरे काढतो आणि संपतो. मग उपट आणि टाक. शिवाय पातेलंभर चढवावा तर मूठभर उतरतो, लबाड कुठला. चुक्याचं तसं नाही. एकदा लावला की वर्षानुवर्षं बघायला नको. बर्फ वितळायच्या आत नाक वर काढतो. पण मीठ लागलं की रुसतो, आणि पहिल्या वर्षी त्याच्या पानाला हात लावायचा नाही. पालेभाजी भरलेल्या हिरव्या सोमशांत आईचं माप दोन मुठी पालक, एक मूठ चुका. नुसत्या पालकाचा सोमसा गोडमिट्ट होतो, माझ्या मते तो खाण्यात काही राम नाही.

म्हणजे यंदा चुका लावलास तर पानं पुढच्या वसंतात. आणि पुढच्या वसंतात तू कुठे असणार गं? मेमध्ये इल्हामजानची कालव्यावरच्या नोकरीची दोन वर्षं संपतात आणि तुम्ही दोघं घरी येता, असं ठरलं होतं ना? मी पूर्वेकडची खोली चुन्यानं रंगवून घेतली. आई गेल्यापासून मी या घरात चहाच्या किटलीशी बोलते, आणि ती मेली उकळण्यापलीकडे उत्तर देत नाही. ज्याला मेमध्ये निघायचंय, त्यानं चुक्याची चौकशी कशाला करावी?

पालक लाव. खा आणि ये. सोबत बी पाठवते.

वाट पाहणारी,
रोबिया

---

ऊर्गेंच, २२ एप्रिल

ती. रोबिया-ओपास,
सलाम. वि. वि.

पालक असा आला, की मोमोसुद्धा कुंपणावरून डोकावून गेल्या. तिसरं पाणी जिरल्यावरच बी टाकलं होतं. काल त्यांच्या तंदुरात सोमसे लावले. तुम्ही म्हणालात तसंच झालं, गोडमिट्ट. मोमोंनी वरून दही ओतलं आणि सहा खाल्ले.

तुम्ही चोर बरोबर पकडलात. मी मार्चभर उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायला हात होईना आणि खरं लिहायला धीर होईना. ह्यांना कालव्यावर कायम राहा म्हणून विचारलं. हे नाही म्हणणार होते. ह्यांचं सामान मनातल्या मनात कधीच बांधून झालं होतं. मीच राहू या म्हटलं. ह्यांना दोष देऊ नका, ओपा.

माझ्या वर्गात पहिलीची एकतीस पोरं आहेत. इथे पहिलीची शिक्षिकाच मुलांना तिसरीपर्यंत नेते. सप्टेंबरात ती पेन्सिल उलटी धरत होती, आता मला चिठ्ठ्या लिहितात. पण खरं सांगू? पोरं तिसरी पास झाली तरी मला इथून हलायचं नाही. रिश्तानला मी कायम रोबियाची धाकटी होते. इथे माझी जमीन एकदा माझ्या चुकीनं मेली आणि माझ्या हातानं जिवंत झाली. तुम्हाला एकटं टाकल्याचं मला रोज लागतं. जेवताना जास्त लागतं.

शरदात आईच्या चुक्याचा तुकडा पाठवाल का?

तुमचीच,
मुहय्यो

---

रिश्तान, ५ मे

चि. मुहय्योस,

पत्र पोचलं. ठीक आहे. पोरं तुझी, कालवा इल्हामजानचा. बहीण काय, असते कुठेतरी. पूर्वेकडच्या खोलीला कुलूप घातलं आहे.

चुका मिळणार नाही. तो आईच्या हातचा आहे. मी आहे तोवर त्याला फावडं लागू देणार नाही.

प्रकृतीला जप.

रोबिया

---

रिश्तान, २० सप्टेंबर

चि. मुहय्योस, पोटभर दुवा.

उन्हाळाभर तुझी चार पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. माझी खोड तुला माहीत आहे. राग आला की मी मुकी होते आणि मग मुकेपणाचाच राग येतो.

पंचावन्न पूर्ण झाली, कारखान्यानं निवृत्त केलं. मोठा पुलाव झाला, भाषणं झाली, आणि मीच बारा वर्षांपूर्वी रंगवलेली थाळी मला बक्षीस दिली! दुसऱ्या दिवशी सकाळी करायला काही नव्हतं, म्हणून चुक्यापाशी जाऊन बसले. दोन वर्षं त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. पाटाजवळचा तो केवढा दांडगा झालाय म्हणून मी मिरवायची. पानं बाजूला केली, तर मधे सगळं काळं, पोकळ. हिरवं होतं ते फक्त कडेकडेला. मी तिथेच रडले गं.

मग आठवलं. आई दर चार वर्षांनी शरदात गड्डा उकरायची, फावड्यानं तोडायची आणि गल्लीत वाटायची. मला वाटायचं, किती ही दानशूर! दान कसलं, वाटला नाही तर तो मधून मरतो. आईला ते ठाऊक होतं. मी जपत बसले आणि मारत होते. तुझ्या बाबतीतही मी तेच करत होते.

काल पाच तुकडे केले. तीन गल्लीत दिले, एक जुन्या जागी लावला. पाचवा ओल्या मातीत, पोत्यात गुंडाळला आहे. टपालानं पाठवणार नाही, वाटेत सुकेल. मीच घेऊन येते. पाटाजवळच्या तुकड्याला शेजारीण पाणी घालेल. पूर्वेकडच्या खोलीची किल्लीही तिच्याकडेच दिली आहे, पाहुण्यांना लागली तर. जमीन आधी धुऊन ठेव, आईचा चुका मी मिठात घालणार नाही.

एकच विचारायचं आहे, आणि विचारताना या वयात लाज वाटते. माझं गाठोडं किती मोठं बांधू? मी पालकाइतकी येऊ, की चुक्याइतकी? संकोचानं हो म्हणू नकोस. पालकाइतकीच म्हणालीस तरी चाळीस दिवस सुखानं राहीन आणि हसत परत येईन. तुझं उत्तर आलं, की तिकीट काढते.

तुझीच,
रोबिया

---

तार
ऊर्गेंच, २६ सप्टेंबर

मोमोंनी पाणी सोडलं. तुमची खाट खिडकीपाशी. चुक्याइतक्या या.
मुहय्यो