अनोळखी चेहऱ्यांत एक

३ फेब्रुवारी
नोकरी आवडली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळी वेळेवर आवरून बाहेर पडले. काम सोपं आहे. येणाऱ्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, तारांखाली जेल भरायचं आणि पडद्यावर चेहरे दाखवायचे. मेंदूतल्या विजेची रेघ संगणकावर उमटते. कुठलाही चेहरा दिसला की रेघेला एक खळगा पडतो. ओळखीचा असला तर लगेच दुसराही. तीच माणसं दर आठवड्याला येऊन तेच अनोळखी चेहरे बघतात. ओळख कशी मुरते, ते मोजायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पगार बेताचा आहे, पण जेल धुवायला शाम्पू फुकट.

५ फेब्रुवारी
अनोळखी चेहऱ्यांत एक कमी पडत होता. बाईंनी मलाच शोधायला सांगितलं. मी ह्यांचा फोटो घातला. इथे कोण ओळखतंय ह्यांना? आणि मला दिवसभर दिसतील.
जेवणाच्या सुट्टीत टोपी स्वतःच घालून पाहिली. ह्यांचा चेहरा आला आणि दुसरा खळगा विहिरीसारखा खोल गेला. डोळे भरून आले, पण बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
टपाल कार्यालयातली एक चष्मेवाली आली. ह्यांचा चेहरा पहिल्यांदाच दिसला आणि तिला दुसरा खळगा पडला. जेल पुन्हा भरलं, तरी तेच. कुठे पाहिलंय का, विचारलं. हसून म्हणाली, छे हो ताई, पण माणूस किती बोलका वाटतो!
बोलका! माझ्याशी चार शब्द बोलायचे तरी ह्यांच्या जिवावर यायचं.

१९ फेब्रुवारी
तिचा खळगा आणखी खोल. सुट्टीत माझा पाहिला, तर उथळ. तिचा वाढलाय तेवढाच माझा भरलाय.

२६ फेब्रुवारी
आज नटून आली. म्हणाली, ह्यांच्या डाव्या कानामागे तीळ आहे ना? फोटो समोरून काढलेला आहे. तो तीळ फक्त मी – माझ्या अंगाची लाही लाही झाली. टोपीचा पट्टा करकचून आवळला. तरी ती पडद्याकडे बघून लाजत होती.

५ मार्च
फोटो काढून टाकला. त्या जागी पडदा कोरा आला. तरी तिची रेघ बुडाली. आणि ती हसली.
घरी भिंतीवरचा फोटो पुसताना क्षणभर – कोण हे, असं –

१२ मार्च
मी विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, ताई, राग मानू नका. हे विचारत होते, टोपी चढवणाऱ्या त्या बाई कोण?

१३ मार्च
भिंतीवरचा फोटो आणून पडद्यावर लावला. टोपी घातली. दुसरा खळगा नाही. पुन्हा लावला. नाही. परका माणूस. कुणाकडे तरी बघतोय, माझ्या मागे –
पट्टा आवळला जातोय. वळणार नाही. ह्यांचं नाव लिहून ठेवते, तेवढं तरी माझं राहील. ह्यांचं नाव