ताटलीतला शेवटचा तुकडा

खेरार्ड्सबर्गन, ४ नोव्हेंबर

चि. सिल्के हिस,
आजी गोडेलीव्हचे अनेक आशीर्वाद. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आवडत नाही, म्हणून लिहिते. चुका काढू नकोस, अक्षरांचं नि माझं शाळेतही कधी जमलं नाही.

रविवारी तू गेल्यावर पनीर-बदामाच्या मॅटन टार्टचा शेवटचा तुकडा ताटलीत तसाच राहिला. शेवटच्या तुकड्याला हात लावायचा नाही, हा म्हणे सभ्यपणा. हवा सगळ्यांना होता, तुला सर्वांत जास्त. खाल्ला शेजारच्या बोक्याने. बघ कसा माजलाय.

तुझी आई सांगत होती, गेंटच्या लाकडी ट्रॅकवर परवा तूच परत सगळ्यांआधी बाहेर पडलीस. दर दुसऱ्या फेरीला जी सगळ्यात मागे ती बाहेर, एवढा नियम मलाही कळतो. कुणी शेजारून घुसली की तू म्हणे ‘सॉरी’ म्हणतेस. अगं, सायकल चालवतेस की चर्चमध्ये म्हाताऱ्यांना बाकावर जागा करून देतेस? पाय तर घोडीसारखे आहेत. मग होतंय काय? खरं लिही.

माया आहे, दाखवत नसले तरी धरून चाल.
तुझी आजी

गेंट, ९ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. बोक्यालाही नमस्कार सांग.

खरं लिहिते. अंतर कमी पडावं म्हणून मी ट्रॅकच्या अगदी खालच्या कडेने जाते. मग एक पुढे, एक बाजूला, आणि मी मधे कोंडलेली. आमच्या सायकलींना ब्रेक नसतात, वेग पायांनीच आवरायचा. फट दिसते, आणि नेमके तेव्हाच माझे पाय आवरतात.

फेब्रुवारीत अशाच फटीत मी घुसले आणि माझं चाक लागून आमच्याच क्लबातली आनलोर पडली. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आता ती परत आली आहे, हसून बोलते, पण ती जवळ आली की मी आधीच वाट देते. डिसेंबरात जोडीची शर्यत आहे. त्यात दमलेली जोडीदारीण दुसरीचा हात धरून तिला पुढे फेकते. आनलोरने माझंच नाव मागितलंय. आमचे प्रशिक्षक रुटगर म्हणाले, २२ तारखेला त्या बाद व्हायच्या शर्यतीत शेवटच्या पाचांत राहिलीस तर जोडी, नाहीतर तिला दुसरी कुणी बघतो. आजी, मला ही जोडी हवी आहे. पण पुन्हा कुणाला पाडून नको.

असाच लोभ आणि अशीच बोलणी असू देत.
तुझी सिल्के

खेरार्ड्सबर्गन, १६ नोव्हेंबर

चि. सिल्के हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि बस पकडून थेट आनलोरच्या घरी गेले. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. हाड दाखव म्हटलं, तिने दाखवलं. छान जुळलंय, माझ्या गुडघ्यापेक्षा बरं.

मग पोरगी तापलीच. म्हणाली, ती फट तिनेच उघडी ठेवली होती, कुणीही घुसलं असतं. तिचा राग हाडावरून नाहीच. बाकीच्या सगळ्या तिला कोपरं मारतात, आणि एकटी सिल्के बाजूला होते, जशी काही आनलोरच्या गळ्यात अजून हाताची झोळी बांधलेली आहे. तू वाट दिलीस की तिला वाटतं, मी संपले. रडली नाही, पण कप आपटला.

तर सभ्य बाई, तुझ्या सभ्यपणाने तिला हाडापेक्षा जास्त दुखलंय. मला शर्यतीतलं काही कळत नाही. तिला पाडू नकोस म्हणजे झालं. पण जागाही देऊ नकोस.

मोजे विणून पाठवलेत. एक मोठा झालाय, तरी घाल.

जपून नको, नीट राहा.
आजी

गेंट, २३ नोव्हेंबर

ती. आजीस, शि. सा. न.

काल मी वर, कठड्याच्या बाजूने राहिले. तिथे अंतर जास्त, दम निघतो, पण कुणी कोंडत नाही. बाद ठरवायची रेषा जवळ आली की उतारावरून खाली झेपावायचं. एकदा चाक अगदी जवळ आलं, पण कुणी पडलं नाही.

आम्ही पाच उरलो. रुटगरांची अट पुरी झाली होती, तिथे सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या रेषेला माझ्या शेजारी आनलोर. पाय आवरायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला शिवी हासडली, तू फक्त बोक्याला देतेस तशी. मी कोपर तिच्या कोपराला टेकवलं आणि काढून घेतलं नाही. दोघी तशाच रेषेपर्यंत. तिचं चाक वीतभर मागे पडलं. आनलोर बाहेर!

नंतर ती माझ्या गळ्यात पडली, तेव्हा तिचं ते हाड माझ्या हनुवटीला लागलं. चांगलंच टणक आहे. डिसेंबरात जोडी आमचीच. आजी, येशील? मोजा सैल होता, तरी घातला होता.

तुझ्या बोलण्यांची सवय झालेली,
सिल्के

खेरार्ड्सबर्गन, २७ नोव्हेंबर

चि. सिल्के हिस, आशीर्वाद.

येते. मला पाहून हात हलवू नकोस, त्या दिवशी तो हात आनलोरचा. दुसऱ्या दिवशी दोघी इकडे जेवायला या. टार्ट करते, बोक्याला बाहेर ठेवते. पण शेवटचा तुकडा तुला देणार नाही. त्याच्यावर मीही हात टाकणार आहे, आणि माझं कोपर टोकदार आहे.

बघू कोण घेतंय.
तुझी आजी