बसायचं नाही

५ जून
नाहा शहर सोडलं, आणि आज मियाको बेटाहून बोटीने सासरच्या बेटावर आले. सातवा महिना म्हणून सासूबाईंनी छत्रीसुद्धा हातात राहू दिली नाही. जांभळी रताळी पुढ्यात ठेवून म्हणाल्या, शहरात काय हवा खाऊन जगत होतीस? खूप हसले. घरासमोरच्या उथळ पाण्यात काळ्या पराचे शार्क फिरतात. माझा नवरा मोरियासु त्यांची मोजणी करतो. त्याच्या लहानपणी ते मोजता येत नसत. मग प्रवाळ मेलं, जाळी वाढली, यंदा जेमतेम अकरा आहेत. या घरात शार्क खात नाहीत. कोणे एके काळी बुडणाऱ्या पूर्वजाला एका शार्कने पाठीवर घेऊन किनाऱ्याला लावलं होतं म्हणे. मला गंमत वाटली.

९ जून
नाहाहून आणलेल्या माशाच्या वड्या सूपमध्ये घातल्या. सासूबाई उसाच्या शेतात होत्या, एकटीच जेवले. नंतर पाकीट वाचलं तर शार्कच्या वड्या. मोरियासु म्हणाला, चुकून झालं, आईला सांगू नकोस.

१४ जून
बाळ पाच दिवस सारखं फिरतंय. लाथा नाहीत, नुसतं गोल गोल. दुपारी आडवी झाले तर मंदावलं, मग गप्पच झालं. घाबरून अंगणात चालले, तेव्हा हललं. बेटावरच्या नर्सबाईंनी ऐकून पाहिलं. बसले की ठोके मंदावतात, चालले की परत येतात. परवाच्या बोटीने मियाकोच्या इस्पितळात जा म्हणाल्या. मोरियासुचं तोंड उतरलं. हे शार्क थांबले की गुदमरतात, एवढंच तो म्हणाला.

१५ जून
सासूबाईंना सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच भीती वाटली. म्हणाल्या, ढिगाने होते तेव्हा एखादा गेला तर चाललं असतं गं. आता त्यांच्याकडे एकही जास्तीचा नाही. त्यांनी बदल्यात एक मागितलं तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

१६ जून
वादळ आलं. बोट बंद, हेलिकॉप्टरही येणार नाही. चालतेय. भिंतीला धरून चालता चालताच डुलकी लागते.

१८ जून
पाय सुजले— चालतच लिहितेय— मोरियासुने उचलून फिरवलं, उपयोग नाही— माझेच पाय लागतात—

१९ जून
पडले. उठवत नाही. सासूबाई रडतायत, चल गं माझी बाय, चारच पावलं— माझे पाय हातात धरून हलवतायत— आत अजून आहे— अगदी हळू— चालतेय हं बाळा, हे बघ, आई चाल