खालून आलेली हाक

१२ एप्रिल
पोचलो एकदाचे! हवा इतकी मोकळी की हिची धाप निम्मी झाली. डॉक्टरांनी वर्षभर दर ऋतूत आठवडाभर डोंगरावर राहायला सांगितलंय. खोली लहान, पण खिडकीतून दरी दिसते. कडी सैल होती, मी दोरीने बांधली. मी चौथी शिकलेला. तरी हिने ही वही घेऊन दिली. म्हणाली, काळजी माझ्यापाशी नको, कागदावर करा.

१३ एप्रिल
दरीच्या कठड्याशी गेलो. लोक हाका मारतात, दरी त्या परत करते. हिनेही "अहो!" म्हणून हाक मारली. मी मफलर शोधत होतो. तशी मोठ्याने म्हणाली, कान कुठे गहाण टाकलेत? सगळे हसले. तेवढ्यात दरीतून "अहो" आलं. मी गमतीने ओरडलो, "ओ! आलो, आलो!" घोडेवाल्याचं हसू मावळलं. म्हणाला, आजोबा, इथे हाक मारावी, ओ देऊ नये.

९ जुलै
धुकं. हिचा घसा एप्रिलपासून बसलाय. तपासण्यांत काही निघत नाही. दुपारी वाफाऱ्याचं पाणी तापवत होतो. खिडकीबाहेरून स्पष्ट आलं, "अहो." ही समोर विणत बसलेली. ओठ मिटलेले.

४ ऑक्टोबर
हिचा आवाज पार गेला. काही हवं असलं की पेल्यावर चमचा वाजवते. दरीतून मात्र येतो, खणखणीत. गोळी घेतलीत का, विचारतो. खोलीवाल्या बाईंना म्हटलं, आम्ही परत आलोच नाही तर? म्हणाल्या, तुम्ही जाल. आवाज इथेच राहील.

२० डिसेंबर
गाव रिकामं. ही नुसती बघत राहते. जन्मभर हिला म्हणत आलो, जरा गप्प बस. आता — उद्या दरीकडून हिचा आवाज मागून आणतो.

२१ डिसेंबर, सकाळ
ही झोपली असताना निघालो. कठड्यावर बसलोय. पाय पलीकडे. काळजी कागदावर करा म्हणाली होती, म्हणून लिहितोय.
म्हटलं, तिचा आवाज दे.

हाक आली. "अहो." खालून.
मागूनही — रस्त्याकडून. घोगरी, फाटकी. धुक्यात दिसत नाही कोणी.

दोघींतली एकच ही. ओ चुकीच्या हाकेला गेली तर —
गप्प राहतो. खरी असेल ती चिडेलच. चिडली की काय म्हणते ते मला —

मागची नुसती रडतेय. जवळ येतेय. "अहो, अहो" —

खालून आलं. कान कुठे गहाण टाकलेत?
हीच! तेच शब्द, तोच ठसका —
ओ! आलो, आ