कपाटातले चौदा पासपोर्ट

१८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. आम्ही मायलेकी मजेत आहोत. आईला नवी कवळी बसली आहे आणि ती दिवसभर आरशात हसून बघते. स्वतःचे दात होते तेव्हा ती एवढी हसल्याचं मला आठवत नाही.

तुझे तीन फोन आले. तिन्ही वेळा मी कवळीचंच पुराण लावलं, कारण तू विचारत होतास ते टाळायचं होतं. 'माझ्या वाईटावर कोण टपलंय, तुमच्या कामगार खात्यात जरा विचारून बघ.' विचारायची गरज नाही, दादा. तक्रार मी केली.

सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात मी तपासणीला गेले होते. कंत्राट भलत्याच कंपनीच्या नावावर, त्यामुळे तिथे माणसं तू पुरवतोस हे मला माहीतच नव्हतं. रजिस्टर अगदी चोख होतं. अशा वेळी मी माझा ठरलेला प्रश्न विचारते, "उद्या घरी जावंसं वाटलं तर कशा जाल?" परदेशातून कामाला आलेल्या त्या चौदाही बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग इस्त्रीवाली म्हणाली, "साहेबांना विचारून. पासपोर्ट त्यांच्या कपाटात असतात. माझी आई आजारी आहे, चारदा मागितला. काम संपल्यावर बघू म्हणाले."

साहेब कोण म्हणून विचारलं, तर तुझं नाव.

तू माझा भाऊ आहेस हे मी आमच्या मॅडमना लिहून दिलं आणि चौकशी दुसऱ्याकडे गेली. तुला आधी कळवलं असतं तर तू कपाट रिकामं केलं असतंस, म्हणून नाही कळवलं.

तू नेहमी म्हणतोस, पासपोर्ट हातात दिले की सगळ्या पळतील. चौकशीत सगळ्यांना पासपोर्ट परत मिळाले, त्याच संध्याकाळी इस्त्रीवाली आपल्या आजारी आईकडे गेली. काल मी धुलाईघरात डोकावले, तर बाकीच्या तेरा कामावर हजर. "का गं, तू नाही गेलीस?" असं एकीला विचारलं, तर चादरीची घडी घालता घालता म्हणते, "आता जाता येतंय ना, मग राहते की."

दादा, तू दुष्ट नाहीस, पण हे फार वाईट केलंस. कंत्राट कदाचित जाईल. त्याने मला रडू येतं आणि तरी मी पुन्हा हेच करीन.

रविवारी येते आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. वहिनी चहा बाहेर आणून देईल, तेवढी ती माझी आहे.

तू नको म्हणालास तरी तुझीच,
धाकटी