खोलीचं एक मिनिट

३ मार्च, सोमवार

सकाळीच कात्रीचा मेसेज — "जागा भरली! नवी फाइल चढत नाहीये. काहीतरी उडव!" आमच्या फिल्मचं संकलन करते म्हणून तिचं हे नाव मीच ठेवलेलं. ती तिच्या शहरात, मी इथे जेवणाच्या टेबलावर. पूर्वी एकाच खोलीत चार टेबलं होती. फाइल हवी असली की खुर्ची मागे ढकलून नुसता हात पुढे करायचा. आता शेअर्ड फोल्डर. एकाने ठेवलं की सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर उतरतं. सोयीचं आहे. पण माझा चहा कोणी प्यायला, यावरून भांडता येत नाही.

६ मार्च

'मिनिट १' ते 'मिनिट १४३'. कानसेनांच्या फाइली! आमचे आवाजवाले. शूटिंग संपलं की सगळ्यांना जागच्या जागी उभं करून त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायचे. पुढे संकलनात बोलण्यामधल्या फटी बुजवायला ती लागते. नेमकं तेव्हाच कॅमेऱ्यामागे आमच्या ह्यांचं पोट गुरगुरायचं. कानसेन हेडफोन काढून म्हणायचे, "कॅमेरामनसाहेब, उद्यापासून जेवून येत जा. चला, परत घेतो." हसू दाबून दाबून माझ्या डोळ्यांत पाणी!

हे गेले त्याला आता चार वर्षं होतील.

कात्रीला विचारलं. "रिकामी मिनिटं ना? ती कामं कधीच संपली. उडव गं." उडवली. कचरापेटीही रिकामी केली, नाहीतर जागा सुटत नाही.

७ मार्च

जागा झाली. कात्री खूश.

११ मार्च, मंगळवार

दुपारी वहिनींचा फोन — कानसेनांच्या बायकोचा. जानेवारीत कानसेनांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, हे माहीत होतं. आज म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे त्यांचा आवाज असेल का कुठे? नात विचारते, आजोबा कसे बोलायचे. घरच्या एकाही व्हिडिओत तोंड उघडलेलं नाही. म्हणे, मी बोललो की रेकॉर्डिंग खराब होतं!"

"शोधते," म्हणाले. फोन ठेवला आणि आठवलं. प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला ते बोलायचे — "कोणी हलू नका. आता खोलीला बोलू द्या." आमच्या सगळ्या कामात त्यांचा आवाज आहे तो तेवढाच. एकशे त्रेचाळीस वेळा होता. मी पुसला.

१२ मार्च

कात्रीला तिच्याकडे बघायला लावलं. नाहीत. असणार कशा? एकाने काढलं की सगळ्यांकडचं जातं. वीस वर्षं फाइली सांभाळतेय आणि हे विसरले! "मीच म्हटलं ना उडव," कात्री म्हणत राहिली. बिचारी. तिने म्हटलं, पण हात माझा होता.

भाजी चिरता चिरता एकदम आठवलं — कानसेनांचा कॉम्प्युटर! ते हॉस्पिटलात गेल्यापासून बंद पडून आहे. त्याला अजून काही कळलेलंच नाही. पण सुरू केला, नेट लागलं, की तिथल्या फाइलीही जाणार. तसाच फोन लावला.

"वहिनी, कॉम्प्युटरला हात लावलात का?"

"आता लावणारच होते. म्हटलं, आपणच शोधावं —"

"नको! आधी नेटच्या डब्याची वायर उपटा!"

"अहो ताई, गॅस गळल्यासारख्या काय ओरडताय?"

उपटली. मग सुरू केला. मला फोनवर कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. बराच वेळ नुसती तीच.

"मिनिट, मिनिट, मिनिट... खूप आहेत हो. काय आहे काय यात?"

"त्यांचा आवाज! आधी सगळी पेनड्राइव्हवर उतरवा."

१४ मार्च

सगळी मिनिटं पेनड्राइव्हवर उतरवून झाली. एक पेनड्राइव्ह माझ्याकडे पाठवलाय. नातीने पहिलं मिनिट ऐकलं आणि म्हणे ताठ उभी राहिली — "आजोबा रागावलेत!" कानसेन एवढे हसले की वहिनींना पाठीवरून हात फिरवावा लागला. हसण्याचा आवाज नाही म्हणे, खांदे मात्र तसेच हलतात.

१७ मार्च, सोमवार

पेनड्राइव्ह आला. सोबत कानसेनांची चिठ्ठी — "८८ ऐका. बिघडलेलं आहे. तरी ठेवलं होतं."

लावलं. "कोणी हलू नका." शांतता. चाळिसाव्या सेकंदाला ह्यांचं पोट गुरगुरलं.